चोविसावा खांब

तेवीस खांब पुरून झाले होते.
चोविसावा पुरायचा तिथं नकाशावर निळी रेघ
आणि जमिनीवर सेन्कुंगूचं अर्धं घर.

मी मोजणीदार. कम्पालाच्या टेकड्यांखाली
पाणथळ कुठं संपते ते दाखवायचं,
टेप, यंत्र आणि लाल रंगाचा डबा घेऊन.
खरं सांगू? ती कुठंच संपत नाही.
एप्रिलात या अंगाला, जुलैत त्या अंगाला.
झोपेत कूस बदलणाऱ्या माणसाभोवती
खांब ठोकत फिरावं, तशी माझी नोकरी.

वर टेकडीवर गाड्या धुतात, कोंबड्या सोलतात,
शाळांचे संडास, दवाखान्याची मोरी,
सगळं उताराला लागतं.
खाली पपायरस उभा, माणसाच्या दुप्पट,
झिपऱ्या मोकळ्या सोडून, गुडघाभर पाण्यात.
प्रयोगशाळेतली नाकालेमा दर सोमवारी
दोन बाटल्या भरते:
पाणी शिरतं तिथली, पाणी निघतं तिथली.
पहिली मला नाकाजवळ धरवली नाही.
दुसरी तिनं उन्हात धरली.
म्हणाली, ‘पिऊ नकोस. बघ फक्त.’

कुठंतरी पाणी मुरतंय, असं आपण संशयानं म्हणतो.
इथं ते खरोखर मुरतं,
आणि शहराला त्याचं बिल येत नाही.

सेन्कुंगू काही चोर नव्हे. गवंडी.
टेकडीवरच्या कितीतरी भिंती त्याच्या हातच्या,
आणि स्वतः राहतो भाड्याच्या पत्र्याखाली.
इथली जमीन स्वस्त मिळाली,
कारण ती जमीन नव्हती.
भावाकडून उसने घेऊन अकरा ट्रक मुरूम टाकला.

त्या दिवशी तो भरावाच्या कडेला खड्डा खणत होता,
मी दहा हातांवर खांबासाठी.
एकमेकांकडे न बघता
आम्ही एकाच चिखलात खाली चाललो होतो.

त्याचं फावडं थांबलं.
सुकल्या गाळात बोळ, बोळात
कागदासारख्या पापुद्र्यात गुंडाळलेलं,
शेपूट डोळ्यांवर ओढून घेतलेलं
काहीतरी श्वास घेत होतं.

मांबा.
पाणी आटलं तेव्हा खाली गेलेला मासा.
पाणी येईपर्यंत थांबलेला.

दुसरा कुणी असता तर रात्री कालवण शिजलं असतं.
पण सेन्कुंगू मांबा कुळाचा.
हे त्यांचं देवक. खात नाहीत, मारत नाहीत,
बाप-आजा सांगायच्या आधी
या माशाचं नाव सांगतात.

तो खड्ड्याच्या काठावर बसला.
मी डबा खाली ठेवला.
‘अकरा ट्रक,’ तो म्हणाला. मला नाही. माशाला.

मग गाळाच्या ढेकळासकट त्याला ढकलगाडीत घेतलं,
वर ओलं पोतं टाकलं, आणि मला विचारलं,
‘तुझी रेघ कुठून जाते?’
मी दाखवली. मधल्या खोलीतून, खिडकीच्या खालून.
‘म्हणजे हा पाण्यातच होता?’
‘हो.’
‘आणि मी?’

पपायरसच्या मुळाशी आम्ही ढेकूळ ठेवलं.
बराच वेळ काही झालं नाही.
मग पापुद्रा सैल झाला, काळं नाक वर आलं,
एक घोट हवा, आणि पाण्यावर नुसतं वर्तुळ.
सेन्कुंगू हात धूत म्हणाला,
‘त्याचं बरंय. खाली जायचं नि थांबायचं.
मला दर पाच तारखेला भाडं आहे.’

याचं उत्तर माझ्या यंत्रात नाही.
नाकालेमाच्या बाटल्यांतही नाही.

ऑक्टोबरात पाणी आलं,
विटांच्या तिसऱ्या थरापर्यंत चढून
पाहुण्यासारखं मधल्या खोलीत बसलं.
भिंत त्यानं वर नेली नाही. पाडलीही नाही.
खिडकीच्या चौकटीवर हल्ली एक बगळा असतो.

कचेरीतून कागद परत आला आहे:
खांब क्रमांक चोवीस, न पुरण्याचं कारण?
रकाना दोन बोटं रुंद.
मी लिहिलं, ‘जागेवर कुणीतरी झोपलं होतं.’
खाली सही केली. तारीख टाकली.
लाल रंग डब्यात वाळून गेला.